गळे उदंड, गाणी कुठे?

दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांना आपल्या देशात आता तीस वर्षे होऊन गेली. १९९५ साली झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ हा कार्यक्रम सुरू झाला. २००४ साली सोनी वाहिनीवर ‘इंडियन आयडॉल’ आला आणि त्यानंतर बहुतेक मोठ्या भाषांतील वाहिन्यांनी आपापल्या स्पर्धा उभ्या केल्या. आज जे पंचविशीच्या आत आहेत, त्यांना या स्पर्धांवाचूनचे जग ठाऊकच नाही. गाणे शिकणे म्हणजे परीक्षकांपुढे उभे राहण्याची तयारी करणे, हे समीकरण त्यांच्या मनात सहज रुजले आहे. अशा वेळी या तीस वर्षांचा जमाखर्च मांडून पाहणे अगत्याचे आहे.

हा जमाखर्च मांडताना एक नेहमीचा सूर मात्र आम्ही लावू इच्छित नाही. अभिरुची बिघडली, तरुण पिढी भरकटली, आमच्या वेळी असे नव्हते, हा तो सूर. निवृत्त प्राध्यापकाच्या तोंडी तो शोभून दिसतो, म्हणूनच त्याच्यापासून जपून राहिले पाहिजे. लोकांच्या अभिरुचीची राखण करण्याचा प्रयोग या देशाने एकदा करून पाहिलेला आहे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. हेतू अभिजात संगीताच्या संवर्धनाचा होता. श्रोत्यांनी आपल्या रेडिओची सुई मुकाट्याने सिलोनकडे वळवली आणि अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली. शेवटी १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला आपली चूक दुरुस्त करावी लागली. लोकांनी काय ऐकावे हे वरून ठरवता येत नाही, हा त्या प्रयोगाचा धडा आहे. तो विसरून आजच्या स्पर्धांवर टीका करणे हे केवळ त्रागा करणे होईल.

तेव्हा आधी जमेची बाजू पाहू. या स्पर्धांनी पुष्कळांसाठी दार उघडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. श्रेया घोषाल यांचा आवाज चित्रपटसृष्टीपर्यंत पोहोचला तो ‘सा रे ग म’मुळेच, आणि २००२ सालच्या ‘देवदास’ने त्यांना पार्श्वगायिका म्हणून प्रतिष्ठा दिली. २००८-०९ साली मराठीतील ‘लिटल चॅम्प्स’च्या पर्वात आळंदी, अलिबाग, लातूर, रत्नागिरी जिल्हा आणि पुणे अशा ठिकाणची मुले गायली. त्या हिवाळ्यात मराठी घरांत अभंग, गवळण आणि नाट्यगीत पुन्हा एकदा जेवणाच्या वेळी ऐकू येऊ लागले. कीर्तनकाराच्या किंवा भजनी घरातील मुलीला एरवी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहाची पायरी चढायला किती वर्षे लागली असती? घराणे, गुरू, ओळखपाळख आणि शहरातील राहण्याचा खर्च यांनी बांधलेली भिंत या कार्यक्रमांनी काही ठिकाणी निश्चित फोडली.

स्पर्धा ही कल्पनाही नवी नव्हे. महेंद्र कपूर हे १९५७ सालच्या मेट्रो-मर्फी स्पर्धेतूनच पुढे आले. मुंबई-पुण्यातील गणेशोत्सवांच्या मेळ्यांतही चढाओढ असे, आणि गावोगावच्या भजनी मंडळांच्या सामन्यांत तर रात्र उजाडून जात असे. मग नवे काय आहे? आमच्या मते नवे आहे ते या स्पर्धेमागील अर्थकारण. गाणे हा तिचा विषय आहे, परंतु तिचा माल वेगळाच आहे.

डॅलस स्माइथ या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली होती. जाहिरातींवर चालणारी प्रसारमाध्यमे कार्यक्रम विकत नाहीत, ती आपला प्रेक्षक जाहिरातदाराला विकतात. कार्यक्रम हे त्या प्रेक्षकाला गोळा करण्याचे साधन. हे सूत्र गाण्याच्या स्पर्धेला लावून पाहा. प्रेक्षक आठवड्यामागून आठवडा खिळून राहायचा, तर केवळ चांगले गाणे पुरत नाही, कथा लागते. मग गायकाच्या घराचे गळके छत दाखवावे लागते, आईच्या डोळ्यांतील पाणी दाखवावे लागते, बाद होणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून निकाल लांबवावा लागतो. मालिकेतील नटाला या भावनांचे पैसे मोजावे लागतात. स्पर्धक त्या आपल्या खऱ्या आयुष्यातून काढून देतो आणि वर संधी मिळाल्याबद्दल आभारही मानतो. दारिद्र्याचा असा कच्चा माल म्हणून वापर होण्याची उदाहरणे आर्थिक इतिहासात थोडी नाहीत, पण ज्याचे दारिद्र्य त्यालाच ते गौरवाचे वाटावे ही सोय मात्र नवी आहे.

यात परीक्षकांचेही स्वातंत्र्य उरत नाही. २०२१ साली ‘इंडियन आयडॉल’च्या एका भागात किशोर कुमार यांचे चिरंजीव अमित कुमार पाहुणे म्हणून आले होते. सर्वांची स्तुती करावी असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे त्यांनी नंतर स्वतःच सांगून टाकले. त्या कबुलीने मोठी खळबळ माजली. वस्तुतः खळबळ माजण्याचे कारण नव्हते. ज्या दुकानात जो माल विकायचा, त्याची तेथे निंदा कशी चालेल?

अशा परीक्षेत खरोखर काय मोजले जाते, याचे एक उदाहरण बोलके आहे. २००५ साली ‘फेम गुरुकुल’ नावाच्या स्पर्धेतून एक तरुण अंतिम फेरीपूर्वीच बाद झाला. पुढील काही वर्षे त्याने संगीतकारांच्या हाताखाली राहून, त्यांच्या ध्वनिमुद्रणगृहात संगीतसंयोजनाचे काम करत काढली. २०१३ साली ‘आशिकी २’मधील त्याचे गीत देशभर दुमदुमले. त्याचे नाव अरिजित सिंग. त्याला घडवले ते प्रामुख्याने बाद झाल्यानंतरच्या आठ वर्षांनी. त्या वर्षांत काम होते आणि शिकणे होते. तरुणांना या आठ वर्षांविषयी कोणी सांगत नाही. त्यांना दाखवली जाते ती चषक उंचावण्याची रात्र.

आता मतांकडे वळू. लोकांनी मत देऊन कलावंत निवडावा, यासारखी लोकशाहीची गोष्ट वरकरणी दुसरी नाही. परंतु निवडणुकीतील मत आणि या स्पर्धांतील मत यांत एक मूलभूत फरक आहे. निवडणुकीत माणशी एक मत असते आणि ते विकत घेणे हा गुन्हा असतो. भ्रमणध्वनीच्या संदेशांवर चाललेल्या या मतदानात एका माणसाला हवी तितकी मते देता येत आणि प्रत्येक मताचे पैसे पडत. जितके पैसे तितकी मते, असा हा व्यवहार होता. ‘कौन बनेगा करोडपती’च्या प्रेक्षकांसाठीच्या एका स्पर्धेत अशा संदेशाला दोन रुपये चाळीस पैसे पडत होते, म्हणजे नेहमीच्या दराच्या दुपटीहून अधिक. त्यावर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वाहिनी आणि दूरध्वनी कंपनी यांना मिळून एक कोटी रुपयांचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो निर्णय रद्द ठरवला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला. परंतु मत हा उत्पन्नाचा एक स्रोत असू शकतो, ही गोष्ट त्या निमित्ताने सर्वांच्या ध्यानी आली.

या मताची ताकद काय असते, हे २००७ साली दार्जिलिंगने दाखवले. ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात कोलकाता पोलीस दलातील प्रशांत तमांग हा गोरखा शिपाई आणि शिलाँगचा अमित पॉल हे दोघे अंतिम फेरीत पोहोचले. दार्जिलिंगच्या डोंगरात वर्गण्या जमल्या, गावोगावी चाहत्यांची मंडळे निघाली, तरुणांनी रात्र-रात्र बसून संदेश पाठवले. अंतिम फेरीत सुमारे सात कोटी मते पडल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. तमांग विजयी झाला. शिलाँगमध्ये, जेथे आदिवासी आणि बिगर-आदिवासी यांच्यात कित्येक वर्षांचे वैर होते, तेथे एका बंगाली तरुणासाठी दोन्ही समाज एकत्र आले आणि मेघालय सरकारने अमित पॉलला शांतता व सलोख्याचा दूत म्हणून गौरवले. हेही याच माध्यमाने घडवले, ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

पण कथा तेथे संपली नाही. निकालानंतर थोड्याच दिवसांत दिल्लीतील एका खासगी नभोवाणी केंद्रावरच्या निवेदकाने गोरख्यांविषयी, रखवालदारीच्या पेशावरून, हीन थट्टा केली. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, दंगल उसळली, संचारबंदी पुकारावी लागली. तमांगसाठी मते गोळा करण्यात जे अग्रभागी होते, त्या बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबरमध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली आणि स्वतंत्र गोरखालँडची मागणी नव्याने पेटली. वर्षानुवर्षे ज्यांच्याकडे देशाने रखवालदार म्हणूनच पाहिले, त्या समाजाला आपली गणना होत असल्याचा पहिला अनुभव एका गाण्याच्या स्पर्धेत आला, आणि तोही पदरचे पैसे मोजून. ही घटना वाहिनीच्या यशाची म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती आपल्या लोकशाहीच्या अपुरेपणाची वाटते. ज्यांचे खरे मत कोणी मोजत नाही, ते असले मत विकत घेतात.

आज मतदान बव्हंशी अ‍ॅपवरून होते आणि प्रत्येक मताचे वेगळे पैसे पडत नाहीत. प्रेक्षक त्याऐवजी आपले लक्ष, आपली आवडनिवड आणि आपली माहिती देतो. व्यवहाराचे चलन बदलले आहे, व्यवहार तोच आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. या सगळ्या उलाढालीतून संगीतात नवे काय निर्माण झाले? तीस वर्षांत हजारो मुलामुलींनी या मंचांवरून गाणी म्हटली. ती बहुतेक आधीच लोकप्रिय झालेली गाणी होती. दोन-तीन मिनिटांत, शेवटी एखादी उंच तान फेकून टाळी घेण्याच्या बेताने, दुसऱ्याच्या आवाजाशी तुलना होईल अशा रीतीने म्हटलेली. मूळ गायकाची हुबेहूब नक्कल केली तर ‘स्वतःचे काय?’ असा प्रश्न, आणि स्वतःचे काही केले तर ‘मूळ गाण्याला धक्का लावलास’ असा ठपका. नवे गीत, नवी चाल, नवा कवी यांना या रचनेत जवळजवळ जागाच नाही. याचे कारण उघड आहे. ओळखीचे गाणे प्रेक्षकाला धरून ठेवते, अनोळखी गाणे ऐकायला धीर लागतो, आणि धीर ही जाहिरातदाराला न परवडणारी वस्तू आहे.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवतो. १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ सुरू केले. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आणि दर आठवड्याला एक नवे गीत श्रोत्यांपुढे यायचे. वर्षभरात छप्पन्न गीते झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यासाठी लागले. कोणी बाद झाले नाही, कोणाला मते पडली नाहीत. ज्या केसकरांच्या कारभारावर आम्ही वर टीका केली, त्यांच्याच काळात आणि त्यांच्याच खात्याच्या एका प्रादेशिक केंद्रात हे घडले. लोकांना काय ऐकू नये हे सांगायला गेलेले सरकार तोंडघशी पडले. लोकांसाठी नवे काही करण्याची मोकळीक ज्या केंद्राने कलावंतांना दिली, ते केंद्र मात्र अजरामर झाले. सार्वजनिक क्षेत्राचे अपयश आणि त्याचे सामर्थ्य या दोहोंचा याहून चांगला पाठ शोधून सापडणार नाही.

मराठी तरुणांच्या सांस्कृतिक जीवनाला आणखीही आधार होते. लाल बावटा कलापथक आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक यांत गाणारा तरुण एकटा गात नसे, तो साथीदारांबरोबर गात असे. मेळा, भजन, संगीत नाटक, कामगार वस्तीतील नाट्यस्पर्धा या सर्वांचा एक मोठा गुण असा की त्या मध्यम गळ्यालाही सामावून घेत. उत्तम गाणारा पुढे जाई, पण साधारण गाणारा घरी परत पाठवला जात नसे. त्याला कोरसात, पेटीवर, झांजेवर जागा असे. आजच्या स्पर्धेत एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. समाजाच्या गाण्याची वाटणी अशी करता येत नाही.

प्रस्तुत लेखकाने तालुक्याच्या गावी अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवले. वर्गात एक विद्यार्थी होता, वडील भजनी मंडळात पेटी वाजवणारे. मुलाचा गळा गोड. एका स्पर्धेच्या निवडीसाठी तो तीन शहरांत रांगेत उभा राहिला, पहिल्या पन्नासांपर्यंत पोहोचला आणि बाद झाला. दोन भागांत मिळून तो मिनिटभर दिसला असेल. त्या धावपळीत त्याची तासिकेवरची शिक्षकाची नोकरी गेली आणि वडिलांनी बैलजोडी विकली. आज तो लग्नाच्या वरातींत, तयार वाद्यसंगीताच्या ट्रॅकवर गातो. कधी पैसे मिळतात, कधी जेवणावर भागते. गेल्या वर्षी तो भेटला तेव्हा म्हणाला, “सर, हरलो याचं काही नाही. पण आधी गावात लोक ‘गा’ म्हणायचे. आता ‘ते टीव्हीवरचं म्हण’ म्हणतात.” त्याने आपली तक्रार एवढ्याच शब्दांत सांगितली, आणि आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म तिच्यात आले आहे. त्याचा गळा त्याच्यापाशीच राहिला. त्याचे गाणे मात्र गावाच्या कानांतून उतरले.

तेव्हा करायचे काय? बंदीची मागणी आम्ही करणार नाही, ती निरर्थक आहे. करायच्या गोष्टी तीन आहेत आणि त्या सर्व शक्य कोटीतील आहेत.

पहिली गोष्ट श्रमाची. मंचावर उभा राहणारा स्पर्धक हा कामगार आहे, हे आधी मान्य झाले पाहिजे. कलावंताला त्याचे श्रेय आणि मोबदला भांडूनच मिळवावा लागला आहे. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रथम लता मंगेशकरांचे नाव नव्हते, पात्राचे नाव छापलेले होते. गायकांना स्वामित्वधन मिळावे म्हणून पुढे त्यांना सहकाऱ्यांशीही वाद पत्करावा लागला. २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून कलावंताला वाटा मिळण्याचा हक्क कायद्याने मान्य केला. स्पर्धकाशी होणारा करार त्याच्या भाषेत असावा, त्याची मुदत आणि मोबदला त्यात स्पष्ट असावा, आणि त्याच्या गाण्याची चित्रफीत वर्षानुवर्षे पैसे मिळवत राहिली तर त्यात त्याचाही वाटा असावा. मुलांच्या बाबतीत २०१७ चे नियम स्पष्ट आहेत. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नको, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत ठेवला पाहिजे. नियम कागदावर चांगले आहेत. ते चित्रीकरणाच्या जागी पाळले जातात की नाही, हे जाऊन पाहणारी नियमित यंत्रणा हवी, आणि आपल्या मुलांना तेथे नेणाऱ्या आईबापांनी हे नियम पाठ केले पाहिजेत.

दुसरी गोष्ट हिशेबाची. जनतेची मते मागणाऱ्याने त्या मतांचा हिशेब जनतेपुढे ठेवला पाहिजे. किती मते पडली, परीक्षकांचा वाटा किती, मतदात्याची माहिती कोठे गेली, हे कार्यक्रमाच्या अखेरीस जाहीर झाले पाहिजे. सहकारी पतपेढीच्या निवडणुकीत जेवढी चोख मोजणी होते, तेवढी तरी येथे व्हावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती वाहिन्यांच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. ती आहे गाण्याच्या जागांची. स्पर्धा दरवर्षी नवे गळे बाजारात आणतात, पण ते गळे जेथे आयुष्यभर गाऊ शकतील अशा जागा वाढत नाहीत, उलट आटतात. मागणीवाचून पुरवठा वाढला की काय होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्या वस्तूचा भाव कोसळतो. येथे ती वस्तू म्हणजे आपली मुले आहेत. तालुक्याच्या ठिकाणी परवडणाऱ्या भाड्याचे सभागृह, शाळेत संगीताचा कायम शिक्षक, महाविद्यालयात वाद्यवृंद, ही चैन नव्हे. रत्नागिरी, सांगली, परभणी, जळगाव येथे आकाशवाणीची केंद्रे आहेत. या केंद्रांनी आपल्या जिल्ह्यातील एका कवीचे, एका संगीतकाराचे आणि एका गायकाचे नवे गीत दर आठवड्याला प्रसारित करायचे ठरवले, तर एका केंद्राची वर्षाला बावन्न गीते होतील. त्यांतील चाळीस विसरली जातील. दहा-बारा जरी त्या जिल्ह्याच्या ओठांवर राहिली, तरी तो खर्च वसूल झाला असे समजावे.

आमच्या त्या विद्यार्थ्यासारखे तरुण प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना चषक देणे आपल्याला शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. गावच्या सभागृहात त्यांना बोलवावे, तिकीट काढून ऐकावे, आणि टीव्हीवरचे नव्हे, त्यांचे स्वतःचे गाणे म्हणायला सांगावे. एवढे मात्र आपल्याला उद्यापासून करता येईल.